मागच्या सीटची शिवण

ओदांगचं दुखणं असं होतं, की त्याचं काम कुणाला दिसत नसे. आचाऱ्याचा रस्सा लोक बोटं चाटून खातात, शिंप्याचा सदरा लग्नात मिरवतो. पण गाडीच्या सीटचं फाटलेलं लेदर दुरुस्त करणाऱ्याचं नशीबच उलटं. काम फसलं तर आमच्या गारुत गावभर बोभाटा होतो, आणि साधलं तर काही फाटलं होतं हेच कुणाच्या लक्षात राहत नाही. गिऱ्हाईक यायचं, सीटवर हात फिरवायचं, "कुठे होतं हो?" असं विचारायचं आणि गाडी घेऊन निघून जायचं. आठवड्याने तेच गिऱ्हाईक बाजारात भेटलं तर ओळखसुद्धा दाखवायचं नाही.

यावर ओदांगने उपाय काढला होता. तो स्वतःच सांगायचा. सुकारेगांगच्या गल्लीत, जिथे दर दोन घरं सोडून कातडी कमावण्याचा एक कारखाना लागतो आणि परका माणूस नाकाला रुमाल लावूनच शिरतो, तिथे कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं. दारात उभं राहून तो जाणाऱ्या-येणाऱ्याला हटकायचा. "ती पांढरी गाडी गेली ना, तिच्या डाव्या सीटला वीतभर फाटलं होतं. मी केलं. शोधून दाखवा!" ज्याला कारखान्यात वेळेवर पोचायचं असे तो मान खाली घालून पलीकडच्या बाजूने जाई.

एकदा गल्लीतले एक मास्तर आपली जुनी गाडी विकायला निघाले. विकण्याआधी त्यांनी सीट ओदांगकडून नीट करून घेतली, आणि गाडी घेणारा माणूस नेमका दुकानासमोरच ती निरखत उभा राहिला. ओदांग आनंदाने धावत गेला. कुठे फाटलं होतं, आतला फोम कसा बाहेर लोंबत होता, त्यात मांजरीने पिल्लं कशी घातली होती, सगळं त्याने बोट ठेवून ठेवून दाखवलं. गाडी त्या दिवशी विकली गेली नाही. नंतरही नाही. मास्तर अजून तीच चालवतात आणि दुकानावरून जाताना काच वर करून घेतात.

"तुमच्या तोंडाला दोन टाके घालायला हवेत," इरोह पडद्याआडून म्हणायची. इरोह म्हणजे ओदांगची बायको. पडद्यामागे शिवणयंत्र होतं, त्यावर ती बसायची. "दाभण माझ्याकडे आहेच. तुम्ही फक्त समोर बसा."

अशा माणसाकडे एके दिवशी देदेन आला, आणि तोसुद्धा हाजी सोबारींची गाडी घेऊन.

हाजी सोबारी म्हणजे दोदोलचे मोठे कारखानदार; सगळे त्यांना आदराने पाक हाजी म्हणत. त्यांच्या त्या चिकट गोड वड्या दूरदूर जातात; पण गावात त्यांचं नाव होतं ते गाडीमुळे. गाडी घेतली की सीटवरचं शोरूमचं प्लॅस्टिक लगेच काढायचं नाही, ही आमच्याकडची रीतच आहे. बाकीचे लोक वर्षभरात कंटाळतात. हाजी कंटाळले नव्हते. कितीएक वर्षं पाहुणे त्या प्लॅस्टिकला घामाने चिकटत होते आणि उतरताना होणाऱ्या आवाजाने ओशाळत होते. "आत लोण्यासारखं लेदर आहे," हाजी सांगत. "ओरिजिनल." आता त्यांच्या मुलीचं, इमासचं, लग्न ठरलं म्हणून त्यांनी मागच्या सीटचं प्लॅस्टिक स्वतःच्या हाताने काढलं. पुढचं लग्नाच्या आदल्या आठवड्यात काढायचं होतं. एवढं करून, पत्रिका वाटायला म्हणून त्यांनी ती गाडी होणाऱ्या जावयाच्या हाती दिली. तोच हा देदेन.

"कांग, दादा," देदेन दुकानात शिरला तो भिंत धरूनच. "आधी शपथ घ्या."

"कसली?"

"कुणाला बोलणार नाही अशी. सगळे मला सांगत होते, ओदांगकडे जाऊ नको."

"का? माझ्या कामात कुणी खोट काढली?"

"कामात नाही. तोंडात."

पडद्याआड इरोह खुदकन हसली. ओदांगने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाडीचं मागचं दार उघडलं. सीटची पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत फाटली होती आणि आतला फोम चघळल्यासारखा बाहेर आला होता.

"हे कुणी केलं?"

"जागोने," देदेन म्हणाला. "एन्तिसकाकांच्या एडक्याने."

"टकरीचा एडका? पाक हाजींच्या गाडीत?"

"काकांचा टेम्पो बंद पडला हो. मोठे काका, वडिलांच्या जागी. म्हणाले, वाटेवरच आहे, जागोला तेवढं टकरीच्या मैदानात सोड. मी काय म्हणणार?"

"नाही म्हणायचं!" ओदांग गरजला. मोठ्या काकाला तोंडावर नाही म्हणालेला माणूस गारुतमध्ये कुणी पाहिलेला नव्हता, आणि ओदांगनेही कधी तसं म्हटलं नव्हतं.

"मग?" त्याने आवाज खाली आणून विचारलं.

"मग काय, बसला होता शहाण्यासारखा. सारोंग पांघरली होती त्याला. पण गाडी बांबूच्या बनात शिरली, अंधारून आलं, आणि त्याला काचेत दुसरा एडका दिसला."

"दुसरा कुठून आला?"

"तोच हो! स्वतःच! आता टक्कर द्यायच्या आधी एडका मागे सरतो ना? मागे सरायला गाडीत जागा कुठाय? तो वळला आणि शिंग गेलं पाठीत."

"काकांच्या?"

"सीटच्या, कांग! काकांच्या गेलं असतं तर मी डॉक्टरकडे गेलो नसतो का?"

ओदांग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने त्या फाटलेल्या कडांवरून बोट फिरवलं आणि त्याचं हसू थांबलं. इतकं अवघड फाटलेलं त्याच्याकडे बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं.

"पाक हाजी सगळ्यांसमोर म्हणालेत," देदेन रडवेला झाला होता. "ज्याला माझी गाडी सांभाळता येईल त्याला माझी मुलगी सांभाळता येईल. त्यांना कळलं तर लग्न मोडतील. मोडतीलच. तेतेह, ताई, निदान तुम्ही तरी यांच्यावर लक्ष ठेवा."

"ठेवते," इरोह आतून म्हणाली. "दोरा ओवूनच ठेवते."

ओदांगने अल्लाची शपथ घेतली, आणि कामाला लागला.

पाठीचा अख्खा तुकडाच बदलायला हवा होता. प्लॅस्टिकखाली राहून हाजींचं लेदर पार पिवळट पडलं होतं, आणि त्या रंगाचं कातडं गल्लीतल्या एकाही कारखान्यात नव्हतं. ओदांगने फिक्यातलं फिकं कातडं आणलं आणि रंग कालवत बसला. एकदा तो तुपासारखा झाला, एकदा काविळीसारखा. जमेपर्यंत त्याने जेवणाला हात लावला नाही. मग त्याने नव्या तुकड्याला चोळून चोळून बारीक सुरकुत्या आणल्या, जुनी शिवण उसवली आणि सगळं गाठोडं पडद्याआड नेऊन दिलं. "हे लाव गं तेवढं," तो म्हणाला. दोन दिवसांनी इरोहने ते लावून दिलं. उरला वास. एडका गेला होता, पण त्याचा वास गाडीत मुक्काम ठोकून होता. त्यावर पांदानच्या सुवासिक पानांची जुडी आणि कॉफीची पूड ठेवून उपाय झाला.

देदेन गाडी न्यायला आला तेव्हा त्याने सीटकडे आधी उजवीकडून बघितलं, मग डावीकडून, मग विचारलं, "सीट बदललीत का हो?" नाही म्हटल्यावर तो ओदांगच्या हाताला कपाळ लावून मुसमुसला. ओदांगच्या अख्ख्या आयुष्यातलं हे सर्वांत चांगलं काम होतं, आणि त्याबद्दल अवाक्षर काढायची सोय नव्हती.

त्यानंतरचे दिवस ओदांगने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. सकाळी वारुंगच्या टपरीत कॉफी घ्यायला बसला की कुणीतरी विचारायचं, "काय कांग, आज काही फाटलं नाही का कुठे?"

"नाही," ओदांग म्हणायचा आणि भज्याचा मोठा घास कोंबायचा, म्हणजे तोंड गुंतून राहील.

"बरं नाही का?"

"बरं आहे."

लोकांना वाटलं, हा आता जातो. वारुंगवालीने न सांगता आल्याचा गरम काढा, बांद्रेक, करून दिला आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. एकदा हाजींची गाडी समोरून गेली तेव्हा ओदांग अर्धवट उठला, बोटही उचललं, आणि मग त्याच बोटाने कान खाजवून खाली बसला. घरी आल्यावर तो इरोहलाच सांगायचा. "काय रंग जमला होता नाही?" ती म्हणायची, "जमला होता. झोपा." तिला सांगण्यात मजा नव्हती, कारण तिला माहीतच होतं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात हाजी सोबारी स्वतः दुकानात आले. हाजींचं तोंड उतरलं होतं. त्यांनी पुढचं दार उघडून दाखवलं. पुढच्या सीटचं प्लॅस्टिक त्या दिवशी काढलं होतं, आणि खाली इतक्या वर्षांचा घाम आणि दमट हवा कोंडून लेदरला बुरशी आली होती. ड्रायव्हरची सीट तर भेगाळून गेली होती.

"होईल," ओदांग म्हणाला.

"होईल ते मलाही माहीत आहे. पण कसं होईल?" हाजींनी त्याला दंडाला धरून मागच्या दाराशी नेलं. "हे बघ. याला म्हणतात ओरिजिनल. शुक्रवारी नमाजानंतर मशिदीबाहेर सगळ्यांना दाखवलं मी. हात लाव, लाव ना! या जागी लाव. असं लेदर इकडे बनत नाही, ओदांग. तुम्हा लोकांना आयुष्यात जमायचं नाही. जमेल?"

ती जागा नेमकी खांद्याजवळची होती, जिथे शिंग शिरलं होतं.

ओदांगच्या जिभेच्या टोकावर 'मी केलं' आलं. त्याने ते गिळलं. पडदा किंचित हलला. "नाही जमणार, पाक हाजी," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द निघायच्या आत पुढच्या सीटचं माप घ्यायला वळला.

"तुझ्या परीने कर. नमुना म्हणून हे समोर आहेच."

आता स्वतःचीच नक्कल करायची वेळ आली होती. ओदांगने पुन्हा तोच रंग कालवला, इरोहने पुन्हा शिवलं, आणि ठरल्या दिवशी हाजी आले. त्यांनी चष्मा लावला, ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघितलं, उतरले, मागच्या दाराशी गेले, परत पुढे आले.

"रंग बरा आहे," ते म्हणाले.

ओदांगचं तोंड फुललं.

"पण शिवण!" हाजींनी जीभ टाळूला लावून चक् केलं. "पुढची बघ आणि मागची बघ. मागची कॉम्प्युटरवर घातलेली असते. एकेक टाका मोजून घ्यावा. तुझी बायको पायाने यंत्र चालवते, ती शंभर वर्षं बसली तरी तिच्या हातून असं व्हायचं नाही. तिचा दोष नाही म्हणा. हातच तेवढा नाही."

पडदा सरकला. इरोह बाहेर आली. दातांत दोरा होता आणि हातात कात्री. तिने दोरा काढला.

"कुठली शिवण म्हणालात, पाक हाजी?"

"ही. मागची."

"ही माझी."

ओदांगने डोळे मोठे केले, भुवया उडवल्या, पाठीमागे हात नेऊन बोटं हलवली. इतकी वर्षं तिने त्याला ज्या खुणा केल्या होत्या त्या सगळ्या त्याने करून पाहिल्या.

"वरपासून खालपर्यंत माझी," इरोह म्हणाली. "पाठ अख्खी नवी आहे. रंग यांनी दिला, शिवण माझी. ओरिजिनल होती ती एडक्याने फाडली."

ओदांगला समोर दिसायला लागलं: मांडव उतरलेला, इमास रडतेय, देदेन कुठेतरी दूर परगावी पळून गेलेला, आणि गावभर एकच गोष्ट, की हे ओदांगच्या दुकानात फुटलं.

"कुठल्या एडक्याने?" हाजींनी विचारलं.

आता लपवून उपयोग नव्हता. इरोहने सगळं सांगितलं. काका, टेम्पो, बांबूचं बन, काच. हाजींचा चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला.

"एन्तिसचा जागो?"

"हो."

"मग त्या दिवशी..." हाजींनी घसा साफ केला. "मैदानात जिंकला का?"

"जिंकला, पाक हाजी," ओदांग घाईने म्हणाला. "समोरचा एडका तिसऱ्या टकरीला दोर तोडून पळाला."

"हं." क्षणभर हाजींचे डोळे चमकले. मग त्यांना आपण रागावलोय हे आठवलं. त्यांनी खिशातून फोन काढला. "त्या पोराला आत्ताच सांगतो. लग्नाआधीच सासऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकतो! माझी मुलगी मी असल्याला..."

आणि ओदांगने तोंड उघडलं. इतके दिवस दाबून धरलेलं तोंड एकदम सुटलं, पण सुटलं ते नेमकं हवं तिथे.

"करा फोन, पाक हाजी. केलाच पाहिजे. फक्त मशिदीत काय सांगायचं ते आधी ठरवा. लग्न का मोडलं म्हणून विचारतीलच ना? मग एडक्याचं सांगावं लागणार. मग शुक्रवारी तुम्ही सगळ्यांना हात लावायला दिलात ते ओरिजिनल कुठलं, असंही विचारतील. मी आपला सांगून ठेवतो."

हाजी फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी तो परत खिशात घातला. ते मागच्या सीटसमोर ओणवे झाले.

"हे यंत्रावर कसं जमवलंस?" त्यांनी इरोहला विचारलं. आवाज अगदीच खाली आला होता.

"यंत्रावर नाही. यंत्राची सुई नवी भोकं पाडते, मग ते लगेच कळतं. शेजारच्या लेदरच्या जुन्या भोकांतूनच दोरा घातला, हाताने. एकेक करून."

"अख्खी पाठ?"

"अख्खी. पुढच्या सीटची जुनी भोकंच फाटून गेली होती, म्हणून ती यंत्रावर घातली. फरक दिसतो, बरोबर आहे तुमचं."

ओदांगने तिच्याकडे बघितलं. दोन दिवस पडद्याआड यंत्र वाजलं नव्हतं हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. तेव्हा तो जमलेल्या रंगाच्या कौतुकात होता, आणि नंतर गप्प राहण्याच्या.

हाजी जाताना दारात थांबले. "ओदांग, हे कुणाला कळता कामा नये. आणि मला कळलंय हे देदेनला तर मुळीच नाही. सासऱ्याचा धाक राहायला हवा. घे शपथ."

ओदांगने पुन्हा अल्लाची शपथ घेतली.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर तो इरोहला म्हणाला, "हाताने घातलीस ते मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी? दारात उभं राहून 'मी केलं, मी केलं' यातून उसंत मिळाली असती तर विचारलं असतंत."

ती चिडून बोलली नव्हती, म्हणून ते त्याला जास्तच लागलं. ती पांढरी गाडी, मास्तरांची गाडी, आणखी किती गाड्या. सगळ्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि त्याने एकदाही तिचं नाव घेतलं नव्हतं. आपलं काम लोकांना दिसत नाही म्हणून त्याने गावाचं डोकं खाल्लं होतं, आणि तिचं काम त्याला स्वतःलाच दिसलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली. तो पडद्याशी गेला, तिथून परत आला, आणि उगाच दुकान झाडत बसला.

लग्न थाटात झालं. ओदांग आणि इरोहला दोन्हीकडून आमंत्रण होतं, आणि दोन्हीकडच्यांनी आमंत्रण देताना तोंडावर बोट ठेवून दाखवलं होतं. मांडवाच्या तोंडाशी फुलांनी सजवलेली ती गाडी चारही दारं उघडी टाकून उभी होती. बांडुंगहून आलेल्या एका पाहुण्यांनी आत डोकावून बघितलं.

"वा! मागची सीट काय सुरेख आहे हो! इतकी जुनी गाडी आणि अशी सीट?"

ओदांग हातभर अंतरावर होता. एका बाजूला नवरदेव देदेन पांढराफटक पडला. दुसऱ्या बाजूला हाजी सोबारींच्या हातातला सरबताचा पेला वाटेतच थांबला. दोघं ओदांगकडे बघत होते, आणि एकमेकांना दिसू नये म्हणून चोरून बघत होते. इरोह आपली हिरवी कबाया सावरत चटकन पुढे झाली आणि तिने ओदांगचं कोपर घट्ट धरलं.

ओदांगने श्वास घेतला.

"शिवण बघा," तो म्हणाला. "लेदर काय, बाजारात मिळतं. रंग काय, कुणीही कालवेल. तुम्ही शिवण बघा."

पाहुणे वाकले. "खरंच की. कोणाची असेल?"

"कोणाची का असेना," ओदांग म्हणाला. "पण असा हात मी दुसरा पाहिला नाही."

पाहुणे मान डोलावत आत गेले. हाजींनी सरबत एका घोटात संपवलं. देदेनने कपाळ पुसलं. इरोहने ओदांगचं कोपर सोडलं आणि कबायेची बाही उगाच नीट केली.

"आज बरं बोललात," ती म्हणाली, आणि जेवणाच्या रांगेकडे चालायला लागली.

ओदांग तिच्या मागोमाग गेला. रांग लांबलचक होती, ओळखीची माणसं पुढेमागे उभी होती, आणि पान वाढून हाती येईपर्यंत तो कुणाशी एक शब्दही बोलला नाही.